सात वर्षांच्या मुदतीचे वाहनकर्ज: नाशिकच्या शोरूममध्ये मिळणाऱ्या एका योजनेचे परीक्षण

मोटारींची परीक्षणे मराठीत आता भरपूर वाचायला मिळतात. इंजिन, मायलेज, डिकीतील जागा, एअरबॅगांची संख्या यांवर पानेच्या पाने लिहिली जातात. मात्र त्याच मोटारीबरोबर, त्याच टेबलावर विकले जाणारे कर्ज हीसुद्धा एक वस्तूच आहे, तिलाही किंमत आहे, गुणदोष आहेत, बारीक अक्षरांतल्या अटी आहेत आणि पगारदार माणसाच्या घरखर्चावर मोटारीपेक्षा तिचाच भार अधिक पडतो, याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. म्हणून या लेखात मोटारीविषयी एक अक्षरही लिहिलेले नाही. परीक्षण आहे ते ८४ हप्त्यांच्या वाहनकर्जाचे. हे कर्ज देणारी बँक आणि ते विकणारे शोरूम यांची नावे मुद्दाम दिलेली नाहीत, कारण मुंबई नाक्यापासून पाथर्डी फाट्यापर्यंत महामार्गाच्या दोन्ही अंगांना जी शोरूम आहेत, त्यांपैकी बहुतेक ठिकाणी थोड्याफार फरकाने हाच माल मांडलेला दिसेल.

माझा भाचा अंबडच्या एका कारखान्यात देखभाल विभागात आहे. ओव्हरटाइम मिळाला की हातात ४२,००० रुपये येतात, नाही मिळाला तर ३४,०००. माझी नोकरी सातपूरला हिशेब विभागात गेली असल्यामुळे आकडे तपासायला त्याने मला सोबत नेले होते.

शोरूमने दिलेले कोटेशन असे होते: एक्स-शोरूम किंमत (रोड टॅक्स आणि विमा धरण्याआधीची) ८,५०,००० रुपये, त्यावर ११ टक्के दराने रोड टॅक्स ९३,५००, विमा ४२,३००, वाढीव वॉरंटी १९,०००, ॲक्सेसरीजचा संच २२,०००, फास्टॅग आणि नोंदणीचा किरकोळ खर्च ३,२००. एकूण ऑन-रोड किंमत १०,३०,००० रुपये. यांपैकी रोड टॅक्सला इलाज नाही, दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात तो द्यावाच लागतो. वॉरंटी आणि ॲक्सेसरीज मात्र ऐच्छिक असतात, आणि विमाही शोरूमकडूनच घेतला पाहिजे असे बंधन नाही. पण कोटेशनमध्ये सगळे एकाच रकान्यात, एकाच ठशात छापलेले असल्याने सक्तीचे कोणते आणि मर्जीचे कोणते, हे विचारल्याशिवाय कळत नाही. आम्ही विचारले, तेव्हा पायपुसण्या, सीट कव्हर आणि दारावरच्या पट्ट्यांचा तो बावीस हजारांचा संच कोटेशनमधून लगेच निघाला. निघताना कोणी फारशी हरकतही घेतली नाही, यावरूनच त्याची खरी किंमत समजावी. पुढचे हिशेब मात्र मूळ कोटेशन धरूनच केले आहेत.

बँक ८,००,००० रुपये ९.५ टक्के स्थिर दराने द्यायला तयार होती. सात वर्षांसाठी मासिक हप्ता १३,०७५ रुपये आणि पाच वर्षांसाठी १६,८०१. विक्री प्रतिनिधी तरुण मुलगा होता, बोलायला नम्र, कामात तरबेज. त्याने कोटेशनचा कागद उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूवर १३,०७५ एवढाच आकडा लिहिला, त्याभोवती निळ्या पेनने दोनदा गोल काढला आणि कागद भाच्याऐवजी त्याच्या बायकोसमोर सरकवला. ‘‘वहिनी, दिवसाचे साडेचारशेसुद्धा पडत नाहीत,’’ असे तो म्हणाला. हिशेब बरोबर होता. मात्र त्यानंतरच्या अर्ध्या तासात दहा लाख तीस हजार हा आकडा त्या टेबलावर पुन्हा कोणी उच्चारला नाही. गाडीची किंमत जाऊन तिच्या जागी हप्ता बसला होता, आणि माझ्या मते या कर्जाची सगळी करामत एवढ्यातच आहे.

याचा पुढचा परिणाम लगेच दिसला. सनरूफ असलेले वरचे मॉडेल ८०,००० रुपयांनी महाग होते. ऐंशी हजार म्हटल्यावर भाच्याने मान हलवून नकार दिला असता. पण त्याला सांगण्यात आले, की हप्त्यात फक्त १,३०८ रुपयांचा फरक पडेल. ८४ महिन्यांत हे १,३०८ रुपये १,०९,८७२ होतात, आणि एवढे पैसे छताला पडलेल्या एका काचेच्या खिडकीसाठी, तेही नाशिकच्या एप्रिल-मेच्या उन्हात जी सतत झाकूनच ठेवावी लागणार. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या मोटारींवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, तेव्हा किमती खरोखरच उतरल्या. ती बचत ग्राहकाच्या खिशात राहावी असे या टेबलावर कोणाला वाटत नाही. ‘तोच हप्ता, वरचे मॉडेल’ असे तिचे रूपांतर केले जाते.

आता मूळ कर्जाकडे येऊ. पाच वर्षांच्या मुदतीत एकूण व्याज सुमारे २,०८,००० रुपये होते आणि सात वर्षांच्या मुदतीत सुमारे २,९८,०००. म्हणजे महिन्याला ३,७२६ रुपयांची जी सवलत मिळाली असे वाटते, तिच्यासाठी नव्वद हजार रुपये मोजायचे आहेत. ही रक्कम फार मोठी आहे असे मी म्हणणार नाही. तंगीच्या काळात हात मोकळा राहावा म्हणून एखादा माणूस ती जाणूनबुजून देऊ शकतो. खरी अडचण परतफेडीच्या वेळापत्रकात आहे, जे कोणी पाहत नाही. पहिल्या १३,०७५ रुपयांच्या हप्त्यातील ६,३३३ रुपये व्याजात जातात आणि मुद्दलातून ६,७४२ वजा होतात. तीन वर्षे एकही हप्ता न चुकवता ४,७०,७०० रुपये भरल्यानंतर मुद्दल शिल्लक राहते ५,२०,४०० रुपये. भाच्याने हा आकडा माझ्याकडून दोनदा तपासून घेतला. सव्वातीन वर्षांत निम्मे कर्ज फिटेल, असा त्याचा समज होता आणि प्रतिनिधीने तो दुरुस्त केला नव्हता.

या आकड्याशेजारी विम्याचा आकडा ठेवला, की कर्जाचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. विमा कंपनी गाडीचे जे मूल्य धरते, त्याला आयडीव्ही म्हणतात, आणि त्यात वयानुसार घसारा वजा होतो: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३० आणि तीन वर्षे उलटल्यावर ४०. हा घसारा एक्स-शोरूम किमतीच्या हिशेबाने धरला जात असल्यामुळे रोड टॅक्स आणि ॲक्सेसरीज त्यात मुळातच येत नाहीत. तेव्हा चौथ्या वर्षी या गाडीचे आयडीव्ही साधारण ५,१०,००० रुपये होईल. त्या वर्षाच्या सुरुवातीला कसारा घाटात गाडी पूर्ण निकामी झाली किंवा दारातून चोरीला गेली, तर आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, बँकेचा बोजा असल्यामुळे दाव्याचे पैसे आधी बँकेकडे जातील, बँकेचे तरीही दहा हजार रुपये येणे राहील, आणि गाडी नसलेला माणूस ते भरत बसेल. पूर्ण बिलाची भरपाई देणारे रिटर्न टू इन्व्हॉइस नावाचे वाढीव कवच मिळते, पण ते सहसा गाडीच्या सुरुवातीच्या काही वर्षांपुरतेच. शोरूमच्या विमा विभागाने हे आपणहून सांगितले नाही. विचारल्यावर मात्र सगळे व्यवस्थित समजावले, एवढे त्यांच्या बाजूने नमूद करतो.

परवडत नाही असे लक्षात आल्यावर गाडी विकून मोकळे होऊ, असे अनेकजण गृहीत धरतात. त्याही मार्गाची किंमत काढून पाहिली. या योजनेत मुदतीआधी कर्ज फेडल्यास शिल्लक मुद्दलाच्या ५ टक्के शुल्क आणि त्यावर जीएसटी आहे. तीन वर्षांनी ते सुमारे ३०,७०० रुपये होते, म्हणजे सुटण्यासाठी एकूण ५,५१,००० लागतील. चांगली ठेवलेली गाडी सहा लाखांना गेली असे धरले, तरी हातात पन्नास हजारांच्या आत रक्कम राहते. आणि तोवर २,३०,००० रुपये सुरुवातीला व ४,७०,७०० हप्त्यांतून गेलेले असतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १ जानेवारी २०२६ पासून मंजूर होणाऱ्या, व्यक्तीने व्यवसायाव्यतिरिक्त कारणासाठी घेतलेल्या कर्जाचा दर फ्लोटिंग, म्हणजे बाजारानुसार बदलणारा, असेल, तर मुदतपूर्व फेडीचे शुल्क बँकेला लावता येत नाही. शोरूममधील या कर्जाचा दर स्थिर होता, त्यामुळे त्याला ही सवलत लागू नव्हती. फ्लोटिंग दराचे कर्ज मिळेल का, असे विचारले असता काचेच्या केबिनमधील फायनान्सवाल्यांनी त्यासाठी शाखेत जावे लागेल असे उत्तर दिले आणि दुसऱ्या ग्राहकाकडे वळले.

हप्त्यापलीकडचा खर्च हा कोणत्याही शोरूमच्या कागदावर नसतो, आणि आर्थिक ओढाताण प्रत्यक्षात तिथूनच सुरू होते. भाचा कामावर कंपनीच्या बसने जातो आणि एरवी दुचाकी वापरतो, त्यामुळे गाडीचा वापर रविवारी त्र्यंबकेश्वर, कधी सप्तशृंगगड आणि महिन्यातून एकदोनदा चांदवडजवळचे गाव, असा मिळून सहाशे किलोमीटर धरला. शहरातील सिग्नल आणि घाटरस्ते पाहता लिटरला १४ किलोमीटर मिळाले, तर पेट्रोल सुमारे साडेचार हजारांचे लागते. दुसऱ्या वर्षापासूनचा विमा महिन्याच्या हिशेबाने १,८००, सर्व्हिसिंग ७५०, टायर-बॅटरीसाठी बाजूला काढायचे ४००, आणि टोल, धुलाई, पार्किंग मिळून १,०००. हप्त्यासह बेरीज २१,५२५ रुपये. किलोमीटरला जवळजवळ ३६ रुपये पडले, आणि त्याच्या निम्म्याहून कमी दरात ड्रायव्हरसह भाड्याची गाडी दारात येते. सात वर्षांनी गाडी आपल्या नावावर राहते आणि तिला काही किंमत असते, हे खरे आहे. ती किंमत वजा केली तरी हिशेब उलटत नाही. वापर महिन्याला दोन हजार किलोमीटरचा असता, तर कदाचित उलटला असता.

पार्किंगविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे. सिडकोतील रो हाउसच्या गल्ल्या ज्या काळात आखल्या गेल्या, तेव्हा घरटी एक लुना किंवा स्कूटर एवढीच अपेक्षा होती. आज त्याच गल्लीत दोन्ही बाजूंना मोटारी लागतात, आरसे दुमडलेले असतात, आणि रात्री दहानंतर येणाऱ्याला जागा मिळत नाही. भाचा भाड्याने राहतो, घराला पार्किंग नाही. बंपर आणि दारांवरचे ओरखडे हा तिथला नित्याचा खर्च आहे, आणि असे छोटे दावे विम्यातून केले तर नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट, जातो, म्हणून बहुतेक लोक खिशातूनच भरतात.

उरलेल्या २,३०,००० रुपयांची व्यवस्था कशी होणार, हा प्रश्न मी शोरूमच्या बाहेर येऊन विचारला. ऐंशी हजार बचतीतून आणि दीड लाख बायकोचे दागिने तारण ठेवून, असे उत्तर मिळाले. म्हणजे बँकेच्या कागदावर एक कर्ज आणि घरात दोन. सोनेतारणाचे व्याज १० टक्क्यांनी धरले, तरी महिन्याला १,२५० रुपये आणखी वाढतात. एकूण २२,७७५. ओव्हरटाइम नसलेल्या महिन्यात ३४,००० मधून हे गेले, की ११,२२५ उरतात. ८,००० घरभाडे दिले, की ३,२२५. एवढ्यात किराणा, मुलीची शाळा, गॅस आणि गावी आईला पाठवायचे पैसे बसवायचे. बँकेने मात्र हे कर्ज एका दिवसात मंजूर केले होते, कारण तिचा निकष एकूण हप्ते पगाराच्या निम्म्याच्या आत असावेत एवढाच आहे, आणि तपासलेल्या तीन वेतनचिठ्ठ्या सणासुदीच्या ओव्हरटाइमच्या महिन्यांतल्या होत्या. हप्ता भरू शकेल का, एवढे बँक पाहते. गाडी चालवू शकेल का, हे पाहणे तिचे काम नाही. दोष द्यायचा तर तो हा फरक ग्राहकाला न सांगण्याला द्यावा लागेल. सीझनवर जगणाऱ्यांची अडचण वेगळीच आहे. निफाड-पिंपळगावकडचा द्राक्षबागाईतदार फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये पैसा पाहतो, या योजनेतला हप्ता मात्र दर महिन्याच्या ५ तारखेला, बागेला औषध मारण्याच्या खर्चाच्या महिन्यांतसुद्धा, कापला जातो.

हप्ता चुकला तर काय, हेही वाचून घेतले. खात्यात पैसे नसताना बँकेची मागणी परत गेली, तर या योजनेत दर वेळी ५०० रुपये आणि जीएसटी, शिवाय उशिराचा दंड वेगळा, आणि सिबिलवर, म्हणजे कर्जदाराच्या पतनोंदीत, नोंद. १ एप्रिल २०२४ पासून दंडाची रक्कम मुद्दलात मिसळून तिच्यावर पुन्हा व्याज लावता येत नाही, ही रिझर्व्ह बँकेने केलेली सुधारणा चांगली आहे. वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू नये, असाही नियम आहे. पण हप्ते थकत गेले, तर गाडी ओढून नेण्याचा अधिकार करारात लिहिलेला असतोच, आणि लिलावात आलेली रक्कम कर्जाला पुरली नाही तर उरलेले देणे कर्जदाराच्याच डोक्यावर राहते. आमच्या गल्लीने अशी एक गाडी जाताना पाहिली आहे. त्या घरातल्या माणसांनी नंतर कित्येक महिने दुधाची पिशवी घ्यायलासुद्धा उजेडात बाहेर येणे टाळले.

सेवेच्या दर्जाविषयी माझी मुख्य तक्रार आता नोंदवतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जाबरोबर की फॅक्ट स्टेटमेंट, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचे पत्रक, देणे बंधनकारक आहे. त्यात सर्व शुल्कांसह वार्षिक खर्चाचा खरा दर द्यावा लागतो, ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावे लागते, आणि सात दिवस किंवा त्याहून अधिक मुदतीच्या कर्जात त्यातल्या अटी किमान तीन कामकाजाचे दिवस कायम ठेवाव्या लागतात. आम्हाला ते टॅब्लेटवर, इंग्रजीत, सही करण्याच्या पानाच्या आधी दाखवण्यात आले. बोट वर सरकवले की ते दिसेनासे होत होते. छापील मराठी प्रत मागितल्यावर दुसऱ्या दिवशी मिळाली. तीत १८,००० रुपयांचा कर्जसुरक्षा विमा कर्जाच्या रकमेतच मिसळलेला आढळला. तो सक्तीचा नव्हता आणि त्याविषयी तोंडी कोणी काही बोलले नव्हते. त्यामुळे हप्ता २९४ रुपयांनी वाढत होता, म्हणजे ८४ महिन्यांत अठरा हजारांचे २४,६९६. लेखी सांगितल्यावर तो काढला गेला. ‘दसऱ्याचा मुहूर्त आहे, आज बुक केले तरच हा दर’ हे वाक्य आम्ही दोन दिवसांत तीन वेगवेगळ्या तोंडांतून ऐकले. तीन दिवसांचा नियम कागदावर असताना असे बोलणे योग्य नाही. ऋण काढून सण करणाऱ्यांना मुहूर्ताची घाई आधीच असते, तिला शोरूमने आणखी ढुशी देण्याची गरज नाही.

चांगल्या बाजूही आहेत. ९.५ टक्के हा दर वैयक्तिक कर्जाच्या मानाने बराच कमी आहे, कागदपत्रे मोजकी लागतात, मंजुरी झटपट येते, आणि स्थिर दरामुळे हप्ता सात वर्षे हलत नाही. ज्याच्याकडे किमतीच्या तिसऱ्या हिश्शाएवढी रक्कम तयार आहे, ज्याला गाडीवाचून काम अडते, उदाहरणार्थ सिन्नर-घोटी पट्ट्यात रोज फिरणाऱ्या औषधविक्रेत्याला किंवा घरात डायलिसिसचा रुग्ण असलेल्याला, त्याने पाच वर्षांच्या मुदतीत हे कर्ज घ्यायला हरकत नाही. सात वर्षांच्या मुदतीला मी पाचपैकी दोन गुण देतो, आणि त्यांतला एक केवळ दरासाठी. पाच वर्षांचा १६,८०१ रुपयांचा हप्ता झेपत नसेल, तर ती गाडी आपल्या आवाक्यातली नाही असे समजावे. सात वर्षांची मुदत केवळ हे उत्तर लांबणीवर टाकते. भाच्याने बुकिंगचे ११,००० रुपये परत घेतले, ते खात्यात यायला तीन आठवडे लागले. वाद घालावा लागला नाही. चार वर्षे वापरलेली, पहिल्याच मालकाकडची एक छोटी गाडी तो सध्या पाहतो आहे, आणि दागिने घरातच आहेत.

ज्यांनी हे कर्ज घेतलेच आहे आणि जे शेवटच्या हप्त्यापर्यंत पोहोचले आहेत, त्यांच्यासाठी या सेवेचा शेवटचा टप्पा. कर्ज फिटले म्हणजे आरसीवरचा बोजा उतरला, असे गृहीत धरू नये. बँकेकडून ना-हरकत दाखला आणि सही-शिक्क्यासह फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा अर्ज) मागून घ्यावा, परिवहन विभागाच्या वाहन पोर्टलवर अर्ज व शुल्क भरावे, आणि एमएच १५ क्रमांकाच्या गाडीसाठी लागल्यास पेठ रस्त्यावरच्या आरटीओ कार्यालयात कागद दाखवावेत. विम्याच्या पॉलिसीवरचे बँकेचे नाव काढण्यासाठी विमा कंपनीला वेगळा अर्ज द्यावा लागतो. तो राहून गेला, तर कर्ज फिटल्यानंतरच्या दाव्यालाही बँकेच्या दाखल्यासाठी थांबावे लागते.